गोठणगावचा थुक्पा : एका घरगुती खानावळीतून व्यापाऱ्याने काय घ्यावे?

चंद्रपूर-गडचिरोली भागातला व्यापारी मालासाठी नागपूर, सुरत, मालेगाव, इचलकरंजीपर्यंत जातो. तिथल्या बाजाराची चाल, भाव, उधारीची मुदत त्याला तोंडपाठ असते. पण आपल्या शेजारच्या तालुक्यात कोण कसा धंदा करतो, हे बघायला त्याला सवड मिळत नाही. म्हणून या वेळी आम्ही या पानावर कापडाचा भाव न सांगता एका जेवणाची हकिगत सांगणार आहोत. हे जेवण वडशाच्या पलीकडे, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत झाले. जेवणात एकच पदार्थ होता. त्याचे नाव थुक्पा, म्हणजे रश्शातल्या ताज्या शेवया.

वाचक म्हणतील, व्यापाराच्या पानावर शेवयांचे काय काम? काम आहे. चार टेबलांची ही खानावळ एक कुटुंब चालवते. भांडवल थोडे, जागा घराचीच, नोकर एकही नाही. आपल्यापैकी बहुतेकांची दुकाने, शिलाईची यंत्रे, बेकऱ्या आणि माग याच पद्धतीवर उभे आहेत. त्यामुळे तिथे जे टिकले आहे आणि जे टिकण्याची शंका आहे, त्या दोन्ही गोष्टी आपल्या घरच्या आहेत.

वसाहत कशी आली?

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी लोक सीमा ओलांडून आले. केंद्र सरकारने वेगवेगळ्या राज्यांत त्यांच्या वसाहती वसवल्या. कर्नाटकात बैलकुप्पे, आताच्या छत्तीसगडमध्ये मैनपाट, आणि महाराष्ट्रात १९७२ मध्ये गोठणगाव-प्रतापगड परिसरात. या वसाहतीला ते लोक नोर्ग्येलिंग म्हणतात. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात आजही ‘भंडारा’ हेच नाव येते.

हा मुलूख आपल्याला नवा नाही. जवळच इटियाडोहचे धरण आहे. त्याच्या कालव्याचे पाणी खाली वडसा-आरमोरीच्या धानाला मिळते. प्रतापगडाला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा असल्यामुळे आपली माणसेही दरवर्षी तिकडे जातात. यात्रेत कापडाची, बांगड्यांची, मिठाईची दुकाने लावणारे कित्येक जण हा लेख वाचत असतील. गोंदिया ते बल्लारशा ही रेल्वे पूर्वी छोट्या मापाची होती, १९९० च्या दशकात ती मोठी झाली. अर्जुनी आणि वडसा ही दोन्ही स्टेशने त्याच मार्गावर आहेत. सकाळी वडशाहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी गोठणगावला सहज पोहोचतो.

बर्फाच्या मुलखातली माणसे साल, साग आणि बांबूच्या जंगलात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाच्या शेजारी येऊन राहिली. सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी धान लावले. शेतीवर भागेना, तेव्हा थंडीच्या दिवसांत शहरांत जाऊन स्वेटर विकण्याचा धंदा धरला. नागपूरसारख्या मोठ्या शहरांत हिवाळ्यात लागणारा तिबेटी लोकांचा गरम कपड्यांचा बाजार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आमची त्यांच्याशी ओळख त्या बाजारातूनच झाली. आम्ही ज्या कुटुंबाकडे जेवलो, त्या घरातली माणसे बरीच वर्षे हिवाळ्याचे तीन महिने स्वेटर विकत आणि बाकीचे दिवस खानावळ चालवत.

एक चूल आणि चार हात

खानावळ म्हणजे घराची पुढची पडवी. चार टेबले, लाकडी बाके, भिंतीवर दलाई लामांची तसबीर, दाराशी रंगीत पताका. वाढण्याची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक कट्टा. म्हणजे आपले जेवण कसे बनते आहे हे गिऱ्हाईक बसल्या जागी पाहू शकते. आमच्या मते हीच या दुकानाची पहिली जाहिरात आहे. कापडाच्या दुकानात ठाण गिऱ्हाइकासमोर उलगडून दाखवावे लागते, तसाच हा प्रकार.

घरातली आई, जिला सगळे आमा-ला म्हणतात, मैदा मळते. वडील भाजी चिरतात आणि हिशेब ठेवतात. सून लाटते, कापते आणि वाढते. एक नातू शाळेतून आला की भांडी उचलतो. पदार्थ मोजून पाच-सहा. थुक्पा, थेंथुक, मोमो, तिंग्मो नावाची वाफवलेली पोळी आणि उन्हाळ्यात मुगाच्या सत्त्वाचे थंड, तिखट लाफिंग. यापलीकडे काही मागितले तर सरळ ‘नाही’ म्हणतात.

थेंथुक कसे करतात ते आम्ही उभे राहून पाहिले. मैदा पाणी-मीठ घालून घट्ट मळायचा, तेलाचा हात लावून झाकून ठेवायचा. तो सैल पडला की त्याच्या पट्ट्या कापायच्या, दोन्ही हातांनी ताणून पातळ करायच्या, मनगटावर घ्यायच्या आणि अंगठ्याएवढे तुकडे तोडून उकळत्या रश्शात टाकायचे. लांब शेवयांच्या थुक्प्यासाठी पोळी लाटून, घडी घालून, सुरीने बारीक कापतात. रश्शात कांदा, लसूण, आले, टमाटर, मुळा आणि पालक. वरून सांभार. बाजूला लाल मिरचीची चटणी, तिला ते सेपेन म्हणतात.

आपल्या घरात ईदच्या आधी पाटावर हातशेवया होत असत, ज्या बायांनी त्या केल्या आहेत त्यांना हे काम पाहताच कळेल. मराठी घरांत उन्हाळ्यात बोटवे, नखुल्या असे प्रकार वळून वाळवतात. तिबेटी लोकांतही शिंपल्याच्या आकाराचे छोटे तुकडे वळून रश्शात टाकण्याची पद्धत आहे. फरक इतकाच की आपण ते दुधात-गुळात शिजवतो, ते तिखट रश्शात.

आता हिशेब पाहा. एका वाटीला साधारण सव्वाशे ग्रॅम मैदा लागतो. म्हणजे किलोला आठ वाट्या. हे कुटुंब रोज पाच किलो मैदा मळते. चाळीस वाट्या झाल्या की चूल बंद. दुपारी तीनला आलेल्या माणसाला ते नम्रपणे परत पाठवतात. आम्ही विचारले, दहा किलो का मळत नाही? आमा-लाचे उत्तर असे होते की पाच किलोपर्यंत हात चांगला चालतो, पुढे कणीक कशी झाली हे कळेनासे होते. भाजी परसातली, मैदा अर्जुनीच्या बाजारातला, जागेचे भाडे नाही, शिळे उरत नाही. वाटीचा भाव तालुक्याच्या गावातल्या साध्या थाळीएवढा. यात कोणी श्रीमंत होणार नाही, पण उधारीने झोपही उडणार नाही.

याच्या उलट आपल्या गावांतल्या चायनीजच्या गाड्या पाहा. पाटीवर पन्नास पदार्थ, पण सगळ्यांची चव एक. पाकिटातल्या शेवया, लाल रंग आणि बाटलीतला सॉस. एकाने गाडी लावली की तीच पाटी घेऊन शेजारी दुसरा उभा राहतो. मग दोघे भाव पाडतात आणि दोघेही वर्षभरात गाडी विकायला काढतात. ज्याच्याकडे स्वतःच्या हाताचे काही नाही, त्याच्याजवळ भाव पाडण्याशिवाय दुसरे हत्यार राहत नाही. ही गोष्ट कापडालाही लागू आहे.

‘हे आपल्याला चालेल का?’

आता मुख्य गोष्ट. तिबेटी जेवणात मांस असते आणि त्यात आपल्याला वर्ज्य असलेले मांसही असते. तेव्हा आपला माणूस तिथे जेवू शकतो का? आमच्या ओळखीचे दोन-तीन जण या शंकेमुळे दारातून परत गेले. दुसऱ्या एकाने न विचारताच जेवून घेतले. आमचे म्हणणे असे की दोन्ही रस्ते व्यापाऱ्याला शोभत नाहीत. विचारणे हाच योग्य रस्ता आहे.

आम्ही भाजीचा थुक्पा सांगितला आणि विचारले, “याचे पाणी कशाचे आहे?”

सून हिंदीत बोलते, मध्ये मध्ये मराठी. ती म्हणाली, “भाईसाहेब, आज मोठ्या भांड्यात हाडांचे पाणी आहे. भाजीच्या वाटीतही तेच घालतो. तुम्हाला चालणार नाही. वीस मिनिटे थांबत असाल तर वेगळ्या भांड्यात करून देते.”

आम्ही थांबतो म्हणालो. तिने दुधाचे भांडे घासून घेतले, नवे पाणी चढवले, त्यात कांदा-मुळा उकळला. पट्ट्या कापायला दुसरी सुरी काढली. आमच्या सोबतच्या तरुणाने भाजीचे मोमोही मागितले. तेव्हा आतून आमा-ला स्वतः म्हणाल्या, “मोमो नका घेऊ. वाफवायचे भांडे एकच आहे, त्यात सगळेच ठेवतो.” म्हणजे येणारी विक्री त्यांनी आपल्या तोंडाने मोडली.

त्यांनी गप्प राहून वाटी पुढे केली असती तर आम्हाला कधीच कळले नसते. ते लोक आपल्या धर्माचे नाहीत, आपले नियम पाळण्याचे त्यांच्यावर बंधन नाही. पण गिऱ्हाइकाला काय चालते आणि आपल्या भांड्यात काय आहे, हे दोन्ही त्यांनी ओळखले आणि खरे तेच सांगितले. मालातला दोष विकणाऱ्याने स्वतः सांगावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती गोठणगावच्या एका पडवीत पाळलेली पाहिली, तेव्हा आमच्यासोबतचा तरुण काही वेळ बोललाच नाही. तो आमच्या दुकानात मापाला बसतो.

आपल्या धंद्यात काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे. धाग्याच्या भेसळीचे कापड शंभर टक्के सुती म्हणून जाते. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकली जाते. ही फसवणूक इतकी वाढली की २००६ मध्ये सरकारला अस्सल हातमागाच्या मालासाठी वेगळे चिन्ह काढावे लागले. चिन्ह काढून काम भागत नाही. गिऱ्हाइकाने विचारल्यावर दुकानदार काय बोलतो, यावर भरवसा ठरतो. त्या दिवसानंतर आमच्या ओळखीची पाच-सहा कुटुंबे गोठणगावला जाऊन जेवून आली. आधी निरोप गेला की त्या घरात वेगळे पाणी चढते. एका खऱ्या उत्तरावर त्या खानावळीला नवे गिऱ्हाईक मिळाले.

शेवया व्यापाऱ्यांबरोबर चालतात

रश्शातल्या शेवया हा परका पदार्थ आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असे कोणाला वाटत असेल तर थोडे लांब पाहावे लागेल.

थायलंडच्या उत्तरेला चियांग माई हे शहर आहे. तिथली ‘खाओ सोय’ नावाची शेवयांची वाटी आज जगभर थाई पदार्थ म्हणून ओळखली जाते. नारळाच्या दुधाचा मसालेदार रस्सा, त्यात अंड्याच्या शेवया, कोंबडीचे किंवा मोठ्याचे मांस, वरून तळलेल्या कुरकुरीत शेवया, बाजूला लोणच्याची पालेभाजी, कांदा आणि लिंबू. या वाटीचा संबंध चीनच्या युन्नान प्रांतातून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांशी जोडला जातो. थाई लोक त्यांना ‘चिन हॉ’ म्हणत. चियांग माईच्या रात्रीच्या बाजाराजवळ त्यांची बान हॉ मशीद आहे. तिच्या गल्लीत हलाल खाओ सोय देणारी छोटी घरगुती दुकाने आहेत आणि शुक्रवारी सकाळी तिथे युन्नानी मुसलमानांचा बाजार भरतो.

याच युन्नानी मुसलमानांना ब्रह्मदेशात पंथे म्हणत. १८५६ ते १८७३ या काळात युन्नानमध्ये त्यांचा मोठा उठाव झाला, तो मोडल्यावर बरेच जण ब्रह्मदेशात आले. तिथे शेवयांना ‘खाउक-स्वे’ म्हणतात आणि पंथे लोकांच्या नावाचा खाउक-स्वे अजून ओळखला जातो.

आता आपल्या खरेदीच्या गावी, सुरतेला या. सुरतेजवळच्या रांदेरचे मुस्लिम व्यापारी इंग्रजांच्या काळात रंगूनला गेले. तिथली सुरती जामा मशीद आणि सुरती बडा बाजार ही नावे त्यांचीच खूण. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा आणि पुढे १९६० च्या दशकात तिथल्या लष्करी सरकारने दुकाने ताब्यात घेतली तेव्हा हजारो हिंदी लोक परत आले. सुरतेत आज जो ‘खावसा’ मिळतो, तो रंगूनच्या खाउक-स्वेचाच भाऊ. मेमन घरांतही तो होतो. सुरतेच्या कापड बाजारात साड्यांचे गठ्ठे बांधून झाल्यावर संध्याकाळी रांदेरला जाऊन खावसा खाल्लेले आपले कितीतरी व्यापारी आहेत. ते नकळत चियांग माईच्या वाटीचाच एक नातलग खात होते.

तिबेटमध्येही असेच झाले. ल्हासा शहरात काश्मिरी आणि चिनी मुस्लिम व्यापारी शेकडो वर्षे राहिले. तिबेटी भाषेत काश्मिरी मुसलमानाला ‘खाचे’ म्हणतात. सतराव्या शतकात पाचव्या दलाई लामांनी त्यांना मशीद आणि दफनभूमीसाठी जमीन दिली, असे ते लोक सांगत आले आहेत. १९६० नंतर यांतली बरीच कुटुंबे भारतात आली. काही कालिम्पाँग-दार्जिलिंगला राहिली, पुष्कळशी श्रीनगरच्या ईदगाह आणि हवल भागांत स्थिरावली. कपड्यावर भरतकाम करणे आणि छोट्या खानावळी चालवणे हे त्यांचे धंदे. श्रीनगरला मालासाठी जाणाऱ्या बांधवांनी त्यांच्याकडचा हलाल थुक्पा आणि मोमो जरूर खाऊन पाहावेत.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की ज्याचे गाव सुटते त्याचे दुकान जाते, मळा जातो, वजनकाटाही जातो. पण हाताला जे येते ते कोणी हिसकावू शकत नाही. युन्नानच्या, रंगूनच्या आणि ल्हासाच्या माणसांनी नव्या गावात पहिल्यांदा चूल मांडली आणि तिच्यावर रोजी मिळवली. आपल्याच जिल्ह्यात चामोर्शी आणि मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी याच पद्धतीने शेती आणि मासळीच्या धंद्यात पाय रोवले आहेत.

उधारीची इज्जत

जेवण झाल्यावर वडिलांनी स्वेटरच्या धंद्याची गोष्ट काढली. कापडवाल्यांना ती ऐकण्यासारखी आहे. तिबेटी विक्रेते थंडीच्या आधी लुधियानाला जातात. तिथले होजिअरीवाले त्यांना मोठा माल उधारीवर देतात. हंगाम संपला, फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा लोसार म्हणजे नववर्ष जवळ आले, की हिशेब चुकता. बहुतेकांच्या नावावर जमीन नाही, तारण नाही. देणारा फक्त जुन्या व्यवहाराकडे पाहतो. एकाने पैसे बुडवले तर पुढच्या वर्षी सगळ्यांच्या उधारीवर डाग पडतो, म्हणून वसाहतीतली माणसे एकमेकांवर लक्ष ठेवतात. त्यांची व्यापाऱ्यांची संघटना आहे, तीही मध्ये असते.

२०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीने सगळ्यांचेच बाजार बसले. या कुटुंबाने त्या वर्षी माल उचललाच नाही. उधारीचे पैसे फेडता येतील याची खात्री नसताना गठ्ठा उचलणे त्यांना पटले नाही. ते वर्ष त्यांनी भाताच्या शेतीवर आणि वसाहतीतच विकलेल्या थेंथुकवर काढले. पुढे स्वेटरचा धंदा त्यांनी कमी केला आणि चुलीवर भर दिला.

आपल्या बाजारात उधारी वाढवून दुकान मोठे दिसते, असा समज आहे. आम्ही असेही व्यापारी पाहिले आहेत की ज्यांनी दिवाळी-ईदच्या भरवशावर दुप्पट माल भरला आणि वर्षभर आडत्याला तोंड दाखवले नाही. गोठणगावच्या माणसाने कमी माल उचलला आणि आपले नाव राखले. पुढच्या वर्षी लुधियानाहून त्याला निरोप आला की माल केव्हा नेता?

गल्ल्यावर उद्या कोण?

इथपर्यंत सगळे चांगले आहे. आता काळजीची गोष्ट.

या घरातला एक मुलगा फौजेत आहे. मुलगी परिचारिका होऊन बंगळूरला गेली आणि आता परदेशी जाण्याच्या तयारीत आहे. सुनेचा भाऊ तर आधीच गेला. वसाहतीत कितीतरी घरांना कुलूप आहे किंवा फक्त म्हातारी माणसे आहेत. ही एका वसाहतीची गोष्ट नाही. तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या गणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते, नंतरच्या सरकारी आकड्यांत ते सत्तर-पंचाहत्तर हजारांवर आले. केंद्र सरकारने २०१४ मध्ये त्यांच्यासाठी पुनर्वसनाचे धोरण जाहीर केले, त्यात जमिनीच्या भाडेपट्ट्याची आणि व्यापाराच्या परवान्यांची तरतूद आहे. पण परवाना मिळाला तरी दुकानात बसायला माणूस लागतो.

आम्ही आमा-लांना विचारले, “तुमच्यानंतर हे कोण चालवेल?” त्यांनी सुनेकडे पाहिले. सून म्हणाली, “माझे हात चालतात तोपर्यंत मी. मुलाला शिकवते आहे, पण तो इथे राहील असे मी सांगणार नाही.” वडील म्हणाले, पुढच्या लोसारपर्यंत चालवू, मग बसून ठरवू. दरवर्षी ते हेच ठरवतात, असे नातवाने आम्हाला हळूच सांगितले.

हा प्रश्न ऐकून कामठीची आठवण येते. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी कामठी आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यात माग उभे केले. तिथेही एक माग म्हणजे एक कुटुंब होते. बाप मागावर, आई आणि मुली कांड्या भरायला, मुलगा ताणा लावायला. एक हात कमी झाला की माग अडखळायचा. यंत्रमाग आला, सुताचा भाव वाढला, मजुरी पुरेना आणि मुले दुसऱ्या कामांना गेली. त्यांनी जाणे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पोट सगळ्यांना आहे. पण जाताना किती घरांनी आपले काम कुठे लिहून ठेवले? कोणता काठ कसा उचलायचा, कोणता रंग कुठल्या पाण्यात पक्का बसतो, हे म्हाताऱ्यांच्या बोटांत होते आणि त्यांच्याबरोबरच गेले.

गोठणगावच्या सुनेने एक काम केले आहे. तिने सासूच्या सगळ्या पदार्थांची मापे एका वहीत लिहिली आहेत. किती मैद्याला किती पाणी, उन्हाळ्यात किती कमी, थंडीत कणीक किती वेळ झाकायची. वही तिबेटी आणि हिंदी दोन्हीत आहे, कारण मुलाला हिंदी लवकर वाचता येते. मुलगा बंगळूरला गेला किंवा परदेशी गेला, तरी वही बरोबर जाईल, असे तिचे म्हणणे.

व्यापारी बांधवांसाठी

आम्ही कोणाला खानावळ काढा म्हणून सांगत नाही. ज्याचा जो धंदा त्याने तो करावा. पण त्या पडवीत जे पाहिले त्यातून आमच्या दुकानात आम्ही चार गोष्टी सुरू केल्या आहेत, त्या वाचकांपुढे ठेवतो.

पहिली, माल मोजका ठेवला. वीस प्रकारचे कापड अर्धे-अर्धे भरण्यापेक्षा ज्याची आपल्याला पारख आहे ते आठ प्रकार पुरेसे ठेवतो. जे नाही ते शेजारच्या दुकानात मिळेल असे सांगतो. गिऱ्हाईक तिकडे जाते आणि परतही येते.

दुसरी, विचारण्याच्या आधी सांगतो. भेसळीचा धागा असेल तर ठाणावर चिठ्ठी लावली आहे. पहिल्या महिन्यात त्या ठाणांची विक्री घटली, हे खरे आहे. आता शिंपी स्वतः गिऱ्हाइकाला आमच्याकडे पाठवतात, कारण कापड आटले तर शिव्या शिंप्याला बसतात.

तिसरी, उधारी हंगामाच्या फेडीइतकीच. धानाचे पैसे गिऱ्हाइकाच्या हातात केव्हा येतात ते पाहून आमची मुदत, आणि आमच्या मुदतीवरून आडत्याची मुदत. याच्या बाहेरचा गठ्ठा स्वस्त मिळाला तरी घेत नाही.

चौथी, वही. मापाला बसणारा तरुण रोज रात्री एक पान लिहितो. कोणता माल कुठून, धुतल्यावर काय होतो, कोणत्या गावात कोणता काठ चालतो. आमची मुले हे दुकान चालवतील की नाही हे आम्हालाही सांगता येत नाही. त्यांनी नाही चालवले तर ज्याच्या हाती जाईल त्याला तरी ही वही मिळावी.

गोठणगावला जायचे असेल तर दुपारी एकच्या आत जावे, चाळीस वाट्या लवकर संपतात. रश्शाचे पाणी कशाचे ते आधी विचारावे आणि वेगळे करून हवे असेल तर वीस मिनिटे थांबण्याची तयारी ठेवावी. सोबत दुकानात बसणाऱ्या एखाद्या तरुणाला न्यावे आणि त्याला कट्ट्यासमोरच्या बाकावर बसवावे.